टपालाने आलेलं जग, शारजात वाचताना

कार्ल सेगन म्हटलं की 'कॉसमॉस', दीर्घिका आणि अब्जावधी तारे आठवतात. 'द वर्ल्ड दॅट केम इन द मेल' या त्यांच्या छोट्या निबंधात मात्र एक काचेचा गोळा आहे, अर्ध्यापर्यंत पाणी, थोडं शेवाळ आणि जवळ्याएवढ्या काही कोळंब्या. १९८६ साली 'परेड' या अमेरिकी साप्ताहिक पुरवणीसाठी तो लिहिला गेला. सेगन गेल्यानंतर, १९९७ मध्ये निघालेल्या 'बिलियन्स अँड बिलियन्स' या पुस्तकात तो पुन्हा छापला गेला. शारजातल्या आमच्या घरी त्याच जातीच्या कोळंब्या एका उघड्या बरणीत आहेत. त्यामुळे हा निबंध मी जरा जास्तच बारकाईने वाचतो, आणि काही ठिकाणी त्याच्याशी भांडतोही.

सुरुवात पाहा. एक जग टपालाने येतं आणि त्याच्या खोक्यावर नाजूक वस्तू असल्याचा शिक्का असतो. सेगन या विनोदाला हसत नाहीत, समजावूनही सांगत नाहीत. दोन्ही हातांनी ते गोळा उचलतात आणि उजेडात धरतात. त्यावर चिकटवलेला एक अनुक्रमांकही ते टिपून घेतात. क्रमांक आहे म्हणजे अशी जगं आणखी बरीच असणार, असा सरळ तर्क. ग्रहांवर जीवसृष्टी असेल का, हा प्रश्न आयुष्यभर विचारलेला माणूस हे लिहितोय, हे ध्यानात घेतलं की त्या कागदी चिठ्ठीचं वजन वाढतं. पुस्तकात या निबंधाच्या आधीचं प्रकरण दुसऱ्या सूर्यांविषयी आणि दुसऱ्या ग्रहांविषयी आहे. तिथून वाचक थेट टेबलावरच्या गोळ्यापाशी येतो. संपादनातली ही जागा मला फार आवडते.

मग सेगन नुसतं बघत बसतात, आणि निबंधाचा खरा रस इथे आहे. कोळंब्यांचं ते कौतुक करत नाहीत, त्यांना गोंडस ठरवत नाहीत. साध्यासुध्या जातीच्या आहेत, पण सतत कामात असतात, एवढंच म्हणतात. त्यांचे पाय आणि त्यांची लगबग टिपतात. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव या जगात संख्येने कितीतरी जास्त आहेत, याची आठवण करून देतात. कोळंबीने कात टाकली की मागे पारदर्शक कवच उरतं. कोणी मेली तर बाकीच्या तिला खाऊन टाकतात. हेही ते त्याच सपाट आवाजात सांगतात. प्राण्यांवर लिहिताना आपल्याकडचे ललित लेखक इथे हमखास गहिवरले असते. सेगन गहिवरत नाहीत, आणि म्हणूनच त्या मरणाचा विचार वाचकाला स्वतः करावा लागतो.

ही कोळंबी मूळची हवाई बेटांची. तिथे तिला 'ओपाए उला' म्हणतात आणि शास्त्रीय नाव हॅलोकॅरिडिना रुब्रा. तिचं घर म्हणजे लाव्हाच्या खडकात साचलेली तळी. वरून समुद्राशी त्यांचा संबंध दिसत नाही, पण खडकातल्या भेगांमधून भरती-ओहोटी आत पोहोचते आणि पाणी मचूळ राहतं. कोळंबीची लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. पुढच्या पायांवरच्या केसांनी ती दगडावरचं शेवाळ आणि जिवाणूंचा थर खरवडून खाते. हवाईचे मच्छीमार 'ओपेलू' मासा पकडायला हिचं आमिष वापरत. हवाई विद्यापीठातले क्लेअर फॉल्सम बंद काचपात्रांत सूक्ष्मजीव वर्षानुवर्षं जिवंत ठेवत होते. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या जो हॅन्सन यांनी तशा पात्रात कोळंबी घातली. त्यातूनच पुढे बाजारात आला तो 'इकोस्फियर', सेगन यांच्या घरी पोहोचलेला गोळा.

निबंधाचा मधला भाग या बंद जगाचा हिशोब मांडतो. शेवाळ उजेडावर प्राणवायू तयार करतं, कोळंबी तो घेते आणि कार्बन डायऑक्साइड परत करते, मलमूत्राचं खत जिवाणू करतात. आत येतो तो फक्त प्रकाश. शाळेच्या पुस्तकातलं हे चक्र सेगन इतक्या सहज सांगतात की शिकवल्यासारखं वाटत नाही. मग काळजी कशी घ्यायची याच्या सूचना येतात: उजेड फार नको, अंधारही फार काळ नको, तापमान बेताचं हवं.

शारजात वाचणारा माणूस या तापमानापाशीच अडतो. जुलैत बाहेर पंचेचाळीस अंश असतात. गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. कोळंबीला वीस ते सव्वीसच्या आसपासचं पाणी मानवतं, म्हणजे एसी चालूच हवा. शाळांना सुट्टी लागली की इथली निम्मी मराठी कुटुंबं गावी जातात. बरणी असलेल्या घरात मात्र मागे एसी सुरू राहतो आणि त्याचं बिल कोळंब्यांच्या नावावर टाकावं लागतं. नळाला येणारं पाणी समुद्राचं क्षार काढलेलं, क्लोरीन घातलेलं. त्यातलं क्लोरीन काढून पुन्हा मोजून मीठ घालायचं, समुद्राच्या साधारण निम्म्या खारटपणापर्यंत. किनाऱ्यावरून बाटली भरून आणली तर चालत नाही, कारण आखातात लिटरमागे चाळीस ग्रॅमच्या वर मीठ, खुल्या महासागरात पस्तीस. शिवाय एसीच्या कोरड्या हवेत पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून वरून भर घालायची ती फक्त बिनमिठाच्या पाण्याची. फिल्टर लागत नाही, पंप लागत नाही, खाणं क्वचितच.

एवढं केल्यावर 'आत फक्त प्रकाश येतो' हे विधान मला जरा हलकं वाटू लागतं. गोळ्याभोवतीची खोली कोणीतरी बेताच्या तापमानावर ठेवलेली असते. अमेरिकेतल्या घरात हे गृहीत धरता येतं, इथे दर महिन्याला पैसे मोजावे लागतात. माझ्या मते निबंधात हे सुटलं आहे.

दुसरं भांडण थोडं मोठं आहे. शेवटाकडे सेगन गोळ्यावरून पृथ्वीकडे वळतात: आपणही अशाच बंद जगात राहतो, फरक इतकाच की आपण आपलं पर्यावरण बिघडवू शकतो. अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र १९८५ मध्येच जगासमोर आलं होतं, त्यामुळे हे वळण घेणं स्वाभाविकच. पण गोळ्याला समतोलाचा नमुना म्हणावं का? बंद गोळ्यात या कोळंब्या वीत नाहीत. उघड्या, मोठ्या भांड्यात मादीच्या पोटाखाली थोडी अंडी दिसतात, पिल्लं सुरुवातीला अंड्यातल्या बलकावरच जगतात आणि काही आठवड्यांत आईसारखी दिसू लागतात. नीट ठेवल्यास ही जात वीस वर्षांपर्यंत जगल्याच्या नोंदी आहेत. गोळ्यातल्या बहुतेक काही वर्षांतच संपतात. म्हणजे गोळ्यात समतोल नाही, सावकाश चाललेली उपासमार आहे. ॲरिझोनातल्या 'बायोस्फियर २' या बंद काचगृहात १९९१ साली आठ माणसांनी स्वतःला असंच कोंडून घेतलं होतं. प्राणवायू इतका घटला की बाहेरून भरावा लागला.

पण या दोषाने निबंध पडत नाही, उलट त्याला धार येते. पृथ्वी खरोखर त्या गोळ्यासारखी असेल तर काळजीचं कारण सेगन सांगतात त्याहून मोठं आहे.

अबुधाबीजवळच्या अल वथबाचं तळं या बंद गोळ्याच्या अगदी उलट. शुद्ध केलेलं सांडपाणी साचून ते तयार झालं. त्यात आर्टेमिया ही इवलीशी खाऱ्या पाण्यातली कोळंबी वाढली, ती खायला रोहित पक्षी आले आणि १९९८ मध्ये त्यांनी तिथे घरटी केली. त्याच वर्षी अमिरातीचे तेव्हाचे अध्यक्ष शेख झायद यांनी तळ्याला संरक्षण दिलं आणि २०१३ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. योजना कोणाचीच नव्हती, झाकणही नव्हतं. सेगन यांना हे तळं टपालाने पाठवता आलं असतं तर निबंध कदाचित वेगळा झाला असता.

निबंध जरूर वाचा, मुलांनाही वाचून दाखवा. त्यानंतर कोळंब्या घरी आणाव्याशा वाटल्या तर बंद गोळा घेऊ नका. चार-पाच लिटरची उघडी बरणी, थोडे लाव्हाचे दगड, मीठ मोजायला हायड्रोमीटर एवढं पुरतं. आणि सुट्टीला गावी निघताना एसी बंद करू नका.