अंधाधुन
अंधाधुन : पुणे शहराच्या पार्श्वभूमीवर घडणारा हिंदी मनोवैज्ञानिक रहस्यपट (२०१८). दिग्दर्शक श्रीराम राघवन हे पुण्याच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेचे माजी विद्यार्थी होत. अंधत्वाचे सोंग घेणाऱ्या एका पियानो जुळवणाऱ्यावरील ऑलिव्हिए त्रेनर यांच्या फ्रेंच लघुपटावरून (२०१०) या चित्रपटाची मूळ कल्पना घेतलेली आहे. छायाचित्रण के. यू. मोहनन यांचे, संकलन पूजा लाढा सुरती यांचे आणि गीतांचे संगीत अमित त्रिवेदी यांचे आहे. आयुष्मान खुराना, तब्बू, राधिका आपटे, अनिल धवन, मानव विज, छाया कदम, अश्विनी काळसेकर इत्यादींच्या भूमिका त्यात आहेत.

कथानक : आकाश हा पियानोवादक कलासाधनेसाठी आंधळ्याचे सोंग घेऊन राहतो. एकेकाळचा लोकप्रिय नट प्रमोद सिन्हा त्याला आपल्या घरी वादनासाठी बोलावतो. आकाश तेथे पोहोचतो, तेव्हा प्रमोदचा खून झालेला असून त्याची पत्नी सिमी आणि तिचा प्रियकर प्रेताची विल्हेवाट लावण्याच्या बेतात असतात. पाहिलेले सांगितले, तर सोंग उघडे पडते आणि गप्प राहिले, तर खुनाला साथ दिल्यासारखे होते. तो पोलीस ठाण्यात जातो. पण सिमीचा प्रियकर हाच तेथील अधिकारी निघतो. पुढे सिमी आकाशला खरोखरच आंधळे करते आणि कथा अवयवांच्या चोरट्या व्यापाराकडे वळते.

तंत्र : प्रेताच्या विल्हेवाटीचे दृश्य हा चित्रपटाचा कळसबिंदू होय. या दृश्यात संवाद जवळजवळ नाहीत. खुनी माणसे खाणाखुणांनी बोलतात. आकाशची बोटे पियानोवर फिरत राहतात. संगीत येथे केवळ पार्श्वभूमीला नाही, तर वादकाच्या बचावाचे ते एकमेव साधन आहे. वादन अडखळले, तर सोंग कळून येईल. प्रेक्षकाला आकाशइतकेच दिसते आणि आकाशप्रमाणेच त्यालाही काही करता येत नाही. रहस्यपटात भीती सामान्यतः अज्ञातातून निर्माण होते. येथे ती सर्व काही दिसत असूनही न दिसल्याचे भासवावे लागण्यातून निर्माण होते. याच प्रसंगात विनोदही आहे. मात्र हसणारा प्रेक्षक त्या हसण्यामुळे स्वतःही थोडा अपराधी ठरतो.

प्रमोदची भूमिका करणारे अनिल धवन हे १९७०–८० च्या दशकातील नट. त्यांच्याच जुन्या चित्रपटांतील गीतदृश्ये प्रमोदची म्हणून दाखविली आहेत. पडद्यावरचा तरुण नायक आणि दिवाणखान्यातील वृद्ध पती यांच्या या सान्निध्यामुळे प्रमोदच्या मृत्यूला गतवैभवाच्या अंताची छटा लाभते.

प्रतीके : चित्रपटाचा आरंभ कोबीच्या शेतात होतो. एका डोळ्याने अधू असलेला ससा पिकाची नासधूस करीत असतो. शेतकरी त्याच्यावर बंदूक रोखतो. पाठोपाठ वाहन आदळल्याचा आवाज येतो. या प्रसंगाचा उलगडा थेट शेवटी होतो. दोन वर्षांनंतर युरोपात आकाश आपली हकीकत सोफी या मैत्रिणीला सांगतो : सिमी आपल्या अंगावर गाडी घालीत असताना एक ससा उसळून काचेवर आदळला आणि ती अपघातात मेली. आरंभी ससा दिसलेला असल्याने प्रेक्षकाला ही हकीकत पटते. परंतु हकीकत सांगून निघालेला आकाश वाटेतला डबा काठीने अचूक उडवितो, त्या क्षणी तो डोळस असल्याचा संशय निर्माण होतो. त्याच्या काठीची मूठ सशाच्या डोक्याच्या आकाराची आहे. ससा खरोखर धावून आला, की हातातल्या मुठीवरून तो रचला गेला? आरंभीचे दृश्यही कदाचित आकाशच्याच कथनाचा भाग असेल. तसे असेल, तर आकाशची दृष्टी कशी परत आली आणि सिमीचे काय झाले, याचे भयंकर उत्तर प्रेक्षकाला स्वतःच शोधावे लागते. प्रेक्षकाने पुरावा म्हणून जे पाहिले, ते वस्तुतः त्याला सांगितलेले होते. डोळ्यांनी पाहिले म्हणजे खरे, या विश्वासालाच चित्रपट असा धक्का देतो. त्यामुळे कथेतील एकमेव अंध आकाश नसून प्रेक्षकही ठरतो.

मूल्यमापन : पूर्वार्धातील घट्ट बांधणी उत्तरार्धात योगायोगांच्या गर्दीने सैल होते. अवयवव्यापाराचे उपकथानक मुख्य कथेत पुरते मुरत नाही. अंधत्वाचा वापर प्रामुख्याने युक्ती आणि रूपक म्हणून झाला आहे. अंध व्यक्तीच्या प्रत्यक्ष जगण्याकडे चित्रपट फारसा वळत नाही. आकाश खरोखर आंधळा झाल्यावर ती संधी होती. परंतु कथेचा वेग ती घेऊ देत नाही. असे असले, तरी खुनी कोण हा रहस्यपटाचा रूढ प्रश्न बाजूला सारून साक्षीदारावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न लोकप्रिय चित्रपटाच्या चौकटीत मांडणे, हे या चित्रपटाचे विशेष कार्य होय.

सहासष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत (२०१९) उत्कृष्ट हिंदी चित्रपट, उत्कृष्ट अभिनेता (विभागून) आणि उत्कृष्ट रूपांतरित पटकथा हे पुरस्कार त्याला मिळाले. तेलुगू (२०२१), मलयाळम् (२०२१) व तमिळ (२०२४) या भाषांत त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या.