दुप्पट पेशी म्हणजे दुप्पट अक्कल? एक पेपर वाचताना

सुट्टीत हदगावला आलो होतो. पेटची तयारी करणाऱ्या चुलतभावानं मोबाईल पुढं केला. "दादा, हे बघ. एका देवमाशाला माणसापेक्षा जवळपास दुप्पट मेंदूपेशी. मग तो आपल्यापेक्षा हुशार का?"

बातमीच्या मुळाशी २०१४ चा एक पेपर आहे. 'फ्रंटियर्स इन न्यूरोअ‍ॅनाटॉमी' या जर्नलमधला, हेडी मॉर्टेन्सन आणि सहकाऱ्यांचा. पायलट व्हेलच्या (नावात व्हेल असलं तरी हा प्राणी डॉल्फिनच्या कुळातला) निओकॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या घडीदार थरात, सुमारे ३,७२० कोटी चेतापेशी असल्याचं त्यात म्हटलंय. पेपर चांगला आहे. पण आकडा पाठ करण्याआधी तो कसा आला ते बघू.

एवढ्या पेशी कुणी एकेक करून मोजत नाही. आपल्याकडं पीक कापणी प्रयोग होतो ना, तसंच. सगळं शिवार कापत नाहीत. यादृच्छिक पद्धतीनं प्लॉट निवडतात, तेवढंच पीक कापून वजन करतात आणि त्यावरून मंडळाचं उत्पन्न काढतात. इथं शिवाराच्या जागी मेंदूचे काप आणि प्लॉटच्या जागी सूक्ष्मदर्शकातली छोटी चौकट. चौकटीतल्या पेशींवरून घनता काढायची आणि तिला थराच्या आकारमानानं गुणायचं. चौकट कुठं पडणार हे आपण ठरवायचं नाही. रस्त्याकडेचं चांगलं सोयाबीन बघून प्लॉट धरला तर पैसेवारी चुकणारच.

माझं काम मेंदूवरचं नाही, पण मोजणीचंच आहे. चार तास चौकटीत डोळा घालून बसलं की ही पेशी धरायची की सोडायची, यात मन डगमगायला लागतं. म्हणून नियम मोजणीच्या आधी लिहून ठेवावे लागतात. या पेपरची पद्धत त्या बाबतीत शिस्तीची आहे. हे त्याचं बळ.

आता अडचणी.

पहिली, नमुना. मेंदू थोडेच, आणि ते फेरो बेटांवरच्या शिकारीतून मिळालेले. का? मेल्यावर मेंदू काही तासांतच सडायला लागतो. देवमाशाच्या चरबीच्या जाड थरामुळं शरीराची उष्णता आतच राहते, म्हणून आणखी लवकर. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्यावर अडकलं होतं. खूप प्रयत्न करूनही ते वाचलं नाही. आपल्या किनाऱ्यावर हे प्राणी बहुतेक वेळा असे, नाहीतर कुजलेल्या अवस्थेतच हाती येतात. शिवाय वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्यानं नमुना घ्यायलाही परवानगी लागते. म्हणजे ताजा मेंदू कुठं मिळतो, यावर आपल्याला कोणत्या प्राण्याबद्दल काय कळणार हे ठरतं.

दुसरी, तुलना. चौकटीच्या पद्धतीनं माणसाच्या निओकॉर्टेक्समध्ये साधारण १,९०० ते २,३०० कोटी चेतापेशी येतात. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या पद्धतीत मेंदूचं द्रावण करून त्यातली पेशीकेंद्रकं मोजतात. त्यात माणसाच्या कॉर्टेक्सचा आकडा सुमारे १,६०० कोटी येतो. माणूस तोच, पद्धत आणि नमुना बदलला की आकडा हलतो. म्हणून दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी ते एकाच मापानं मोजलेत का, ते बघा.

तिसरी, उडी. चौकटीच्याच पद्धतीनं २००७ मध्ये मिंकी व्हेलच्या निओकॉर्टेक्समध्ये सुमारे १,२८० कोटी चेतापेशी मोजल्या होत्या. मिंकी तर अंगानं पायलटपेक्षा मोठी. मग पायलट व्हेल तिच्या तिप्पट हुशार म्हणायची? मेलेल्या मेंदूच्या कापात पेशी दिसतात, वागणं दिसत नाही. त्यासाठी जिवंत प्राण्यामागं समुद्रात जावं लागतं. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर डॉल्फिनचा अभ्यास करणारे होडीतून तेच करतात. 'किती पेशी' याचं उत्तर हा पेपर देतो. 'किती हुशार' हा प्रश्न बातमीनं त्यावर लादलाय.

भावाला एवढंच म्हणालो, "आकडा खोटा नाही, पण तुझ्या प्रश्नाचं ते उत्तर नाही."

तुमच्या सिनॉप्सिससाठी जो पेपर सगळ्यात जास्त आवडलाय, तो आज पुन्हा उघडा. अ‍ॅबस्ट्रॅक्ट सोडा, थेट मेथड्सवर जा. नमुना कुठून आला, कशानं मोजला आणि निष्कर्ष मोजणीच्या किती पुढं गेला, हे वहीत तीन ओळींत लिहा. गाइडसमोर बसल्यावर बहुतेक प्रश्न त्या तीन ओळींवरच येतात.