‘आधारपेशी’ ही संज्ञा

१८५६ साली रूडोल्फ फिर्खो याने चेतापेशींमधील द्रव्यास ‘न्यूरोग्लिआ’ म्हटले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरस. तेव्हा चिकटविणे हेच त्याचे कार्य ठरले. मराठीतील ‘आधारपेशी’ हाच ग्रह पुढे चालविते. वस्तुतः दृष्टिचेतेतील ताराकार ग्लिआपेशींची टोके केशवाहिन्यांना वेढून असतात, आणि लुकलुकत्या प्रकाशाने माणसाच्या दृष्टिचेतेच्या मुखाशी रक्तप्रवाह वाढतो. मेटिया व न्यूमन यांनी २००६ साली उंदराच्या दृष्टिपटलातील ग्लिआपेशी उद्दीपित केल्या. रक्तवाहिन्या कधी रुंदावल्या, कधी आकुंचन पावल्या. दृष्टिपटलाचा हा निष्कर्ष दृष्टिचेतेस जसाच्या तसा लावणे घाईचे होईल. तथापि काचबिंदूत ज्या मुखाशी चेतातंतू नष्ट होतात, तेथील पेशींना निव्वळ टेकू मानल्यास रक्तपुरवठ्याचा प्रश्न विचारलाच जाणार नाही. त्यापेक्षा ‘ग्लिआ’ हा परका शब्दच बरा; मराठी कानाला त्यात सरस ऐकू येत नाही.