पंचेचाळीस डेसिबलचे मूल परिपत्रकात कोठे बसते?

शासकीय परिपत्रक हा शिक्षकांकडून सर्वाधिक वाचला जाणारा, पण ज्याचे परीक्षण कधीच होत नाही असा गद्यप्रकार आहे. कथा-कादंबऱ्यांची परीक्षणे छापून येतात, पाठ्यपुस्तकांवर तावातावाने वाद होतात. परंतु उद्या वर्गात काय घडावे हे ज्या कागदाने ठरते, तो कागद वाचून, सही करून फाइलला लावला जातो. येथे आम्ही अशाच एका गठ्ठ्याचे परीक्षण करणार आहोत. विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या शिक्षकांना राज्याकडून वेळोवेळी जे शासन निर्णय, परिपत्रके आणि सूचना मिळतात, त्यांचा हा गठ्ठा.

आमचे काम भूकंपांच्या नोंदींशी संबंधित असल्याने कोयनानगरला आमचे जाणे-येणे असते. पाटण तालुक्यातील शिक्षकांशी बोलताना हा विषय निघाला आणि एका विशेष शिक्षकांनी आपली फाइल आमच्यापुढे ठेवली. फाइल जाड होती आणि नीट लावलेली होती. तिच्यात काय होते? माहिती मागवणारे नमुने, त्यांच्या मुदती, मुदतवाढीची पत्रे, शिबिरांच्या तारखा, भत्त्यांचे व साहित्यवाटपाचे हिशेब, दाखल्यांच्या अटी. मूल वर्गात कसे शिकेल याविषयीचा मजकूर शोधावा लागत होता.

हे कागद येतात तरी कोठून? सर्वसाधारण शाळांतील समावेशित शिक्षणाचे काम शालेय शिक्षण विभागाकडे आणि समग्र शिक्षा योजनेची यंत्रणा चालवणाऱ्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे. विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या. २०२२ च्या अखेरीस स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाल्यावर त्या तिकडे गेल्या. दाखला द्यायचा तो आरोग्य खात्याने. दहावी-बारावीच्या सवलती राज्य मंडळाच्या. सातारा आणि सांगलीसाठी कोल्हापूर विभागीय मंडळ. एकाच मुलाविषयी चार दारांतून कागद येतात आणि प्रत्येक दार आपल्यापुरते बोलते. (सर्वांत वेगाने अंमलात आलेला बदल कोणता, असे विचारले तर ‘अपंग’च्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द आला तो, असे उत्तर आम्हाला मिळाले. पाट्या खरोखरच लवकर बदलल्या.)

या गठ्ठ्यातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील तरतुदींचा सारांश. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्याने ते एकवीस केले. ही वाढ जवळजवळ प्रत्येक सूचनापत्रात ठळकपणे दिलेली असते, एकवीस प्रकारांचा तक्ताही असतो. आमचे लक्ष या तक्त्यातील एका ओळीने वेधून घेतले. ‘ऐकू कमी येणे’ म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या कंपनसंख्यांना ६० ते ७० डेसिबल ऱ्हास. ७० च्या पुढे ‘कर्णबधिर’. १९९५ च्या कायद्यातही चांगल्या कानाला ६० डेसिबल हीच रेषा होती. प्रकार तिपटीने वाढले, ही रेषा जागची हलली नाही.

ज्याला ४५ डेसिबल ऱ्हास आहे, ते मूल या तक्त्यात कोठे बसते? बसतच नाही. आता ४५ म्हणजे किती, हे जरा पाहू या, कारण डेसिबल हे मीटर किंवा किलोग्रॅमसारखे सरळ एकक नाही. दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. भूकंपाच्या मापनश्रेणीची घडण अशीच असते. कोयनेच्या परिसरातील वाचकांना ती परिचित असेल. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ प्रतीचा भूकंप चार प्रतीच्या धक्क्यापेक्षा ‘दीडपट’ मोठा होता असे कोणी म्हणत नाही. जमिनीच्या हालचालीचा विस्तार दोनशेपट होता. त्याच हिशेबाने, ४५ डेसिबल ऱ्हास असलेल्या मुलाला आवाजाची चाहूल लागण्यासाठी निरोगी कानाच्या तुलनेत सुमारे ३१,६०० पट तीव्रता लागते. ‘साठला पंधराच कमी, म्हणजे फारसे काही नाही’ असे तक्ता पाहून वाटते. ते चूक आहे.

वर्गात याचे काय होते? साधे बोलणे एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात, म्हणजे चार मीटरवर उरतात ४८. (वर्गाच्या भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळे प्रत्यक्षात घट थोडी कमी असते, ध्वनिमापनाच्या पद्धतींतील बारीक फरकही येथे सोडून देऊ.) आपल्या मुलाला ४५ पर्यंतचे काहीच ऐकू येत नाही. चौथ्या ओळीत बसले तर गुरुजींचा आवाज त्याच्या उंबरठ्याच्या जेमतेम वर येतो. स्वर ऐकू येतात, कारण ते जोरकस असतात. स, श, क, त, प यांसारखी व्यंजने क्षीण असतात, ती गळतात. ‘तास’, ‘ताक’, ‘ताप’, ‘ताट’ हे चारही शब्द त्याला ‘ता’ एवढेच ऐकू येतात. मग ते ओठांकडे पाहून, संदर्भावरून, शेजाऱ्याच्या वहीवरून अंदाज बांधते. कधी अंदाज बरोबर येतो, त्यामुळे ‘याला ऐकू येते, पण लक्ष देत नाही’ असा शेरा मिळतो. शुद्धलेखनात गाळलेली अक्षरे दिसतात, तेव्हा ‘अभ्यासात मठ्ठ’ असे ठरते.

त्यात कोयनानगरचा पाऊस. येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. पत्र्याच्या छपरावर जोराची सर आली की वर्गातला गोंगाट साठ-सत्तर डेसिबलपर्यंत सहज जातो. लहान मुलांना नवा शब्द नीट कळण्यासाठी बोलणाऱ्याचा आवाज गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबल वर असावा, असे ध्वनिशास्त्र सांगते. अशा सरीत निरोगी कानाचे मूलही निम्मे ऐकते. आपले मूल शैक्षणिक वर्षाचे पहिले सत्र जवळजवळ बाहेरच घालवते. पावसाळ्यात सर्दी-पडसे, कान वाहणे वाढते. मधल्या कानात द्रव साठला की चांगल्या कानालाही वीस ते चाळीस डेसिबलचा तात्पुरता ऱ्हास होतो. हा बहुधा उपचाराने बरा होणारा, पण तो दीर्घकालीन नसल्याने कोणत्याच व्याख्येत शिरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालात चांगल्या कानाला ३५ डेसिबलपेक्षा जास्त ऱ्हास असेल तर पुनर्वसनाची गरज आहे असे मानले आहे. म्हणजे ३५ ते ६० या पट्ट्यातील सगळी मुले तिकडे मोजली जातात आणि आपल्या तक्त्यात गळतात.

टक्केवारीची गोष्टही अशीच. सवलतींसाठी ४० टक्के ही किमान मर्यादा सर्वांना पाठ आहे. हे टक्के येतात कोठून? जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत श्रवणदोषाचे सूत्र असे होते: चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचने गुणायचे, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवायचे आणि बेरजेला सहाने भागायचे. एक कान पूर्ण निकामी आणि दुसरा उत्तम असलेले मूल घ्या. पाच गुणिले शून्य, अधिक शंभर, भागिले सहा: १६.७ टक्के. अशा मुलाला आवाज कोणत्या दिशेने आला हे कळत नाही, गोंगाटात बोलणे वेगळे काढता येत नाही, आणि त्याचा बंद कान शिक्षकांकडे असेल तर तास वाया जातो. १६.७ हा आकडा भरपाई वा आरक्षण ठरवण्यासाठी कदाचित योग्य असेल, त्यावर आमचे म्हणणे नाही. पण या मुलाला कोठे बसवावे, हे तो आकडा सांगू शकत नाही, आणि आमच्यासमोरच्या फाइलमधील सूचनापत्रांत तो आकडा सोडून दुसरे काही नव्हते.

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे, आणि तो कायद्यावर नसून त्याच्या सारांशावर आहे. मूळ कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘दिव्यांग व्यक्ती’ची जी व्याख्या आहे तिच्यात डेसिबल नाहीत आणि टक्केही नाहीत. दीर्घकाळ टिकणारा शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांचा दोष, जो भोवतालच्या अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्यास आड येतो, असा तिचा आशय आहे. पत्र्याचे छप्पर हा अडथळा, चौथी ओळ हा अडथळा. समावेशित शिक्षणाची कर्तव्ये सांगणारे १६ वे कलम ‘दिव्यांग मुलां’विषयी बोलते, ४० टक्क्यांची अट त्यात नाही. ती अट १८ वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाच्या ३१ व्या कलमात आणि इतर काही लाभांच्या तरतुदींत येते. अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर अध्यापनाचे उपाय करणे हे तर सोळाव्या कलमाने शाळेचेच काम ठरवले आहे. पण कायदा जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला उतरत येताना त्यातले कर्तव्य झिजते आणि दाखल्याची अट तेवढी शाबूत राहते. शेवटी शिक्षकांच्या हाती पडणारे वाक्य असे असते की ‘दाखला असलेल्या विद्यार्थ्यांची माहिती तत्काळ सादर करावी’. दाखला नसलेले मूल माहितीत नाही. माहितीत नाही म्हणून पुढच्या वर्षीच्या नियोजनात नाही.

दाखला मिळवणे हेही कोयनानगरच्या पालकाला सोपे नाही. कराड पन्नासहून अधिक किलोमीटर, सातारा शंभराच्या जवळपास. तपासणीचा ठरलेला वार, त्यासाठी एक रोज बुडवायचा. कागद अपुरा निघाला की पुन्हा एक. ४५ डेसिबलच्या मुलाचा बाप एवढे करून रिकाम्या हाताने परतणार, कारण आकडा साठच्या आत. तो पुन्हा कशाला जाईल?

चांगल्या गोष्टीही नोंदवल्या पाहिजेत. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ मध्येच सुरुवात केली. ‘प्रशस्त’ ही एन.सी.ई.आर.टी.ची २०२२ ची पडताळणी सूची वर्गशिक्षकाच्या निरीक्षणापासून सुरू होते, हे आम्हाला फार आवडले. मात्र सवलती परीक्षेच्या वेळच्या. जे मूल तिसरीतच मागे पडले त्याला दहावीतला जादा वेळ किती उपयोगी पडणार? आणि पडताळणीची यादी वर गेल्यावर वर्गात परत काय यायला हवे, याविषयी फाइलमध्ये एक ओळही सापडली नाही.

मनुष्यबळाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर दर दहा आणि त्यापुढे दर पंधरा विशेष गरजा असणाऱ्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली, दर केंद्राला एक. वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर राबलेल्यांना यातून स्थैर्याची वाट मिळाली, याचे स्वागतच आहे. पण न्यायालयाने मुले मोजली होती आणि शासनाने केंद्रे मोजली. सपाटीवरच्या केंद्रातील शाळा एका दिवसात दोन-तीन होतात. शिवसागर जलाशयाच्या काठच्या आणि डोंगरउतारावरच्या वस्तीशाळांना तेच गणित लावले, तर शिक्षकाचा दिवस रस्त्यातच संपतो. आणि मुले तरी मोजणार कशी? साठ डेसिबलच्या चाळणीतून जी राहिली तीच मोजायची असतील, तर एक पद पुरेसे वाटणारच.

भूकंपशास्त्रात अशी चाळणी लावली असती तर कोयनेविषयी आज काहीच कळले नसते. येथील उपकरणांनी नोंदलेले बहुतेक धक्के माणसांना जाणवतही नाहीत. तरीही ते नोंदले जातात, कारण खाली काय चालले आहे ते त्यांच्यावरूनच समजते.

मग परिपत्रकात काय असावे? आमच्या मते एक पान पुरे. चार मीटरवरच्या मुलाला एक मीटरवर आणले तर आवाजाची तीव्रता सोळापट, म्हणजे १२ डेसिबल वाढते, आणि याला खर्च शून्य येतो. एकाच कानाने ऐकणाऱ्या मुलाला असे बसवावे की त्याचा चांगला कान शिक्षकांकडे राहील. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण ओठ दिसले नाहीत तर निम्मा आधार जातो. जोराची सर चालू असताना तोंडी धडा थांबवून लेखनाचे काम द्यावे. आणि शंका आल्यास एक साधी चाचणी करावी: मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहायचे, त्याच्या एका कानाच्या दारावर बोट फिरवत राहायचे, आणि पूर्ण श्वास सोडून कुजबुजत्या आवाजात ओळखीचे शब्द व आकडे म्हणायचे. मुलाने ते परत म्हणायचे; मग दुसरा कान. निम्म्याहून अधिक चुकले तर मुलाला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे पाठवायचे. या पथकाच्या तपासणीत श्रवणदोष येतोच, आणि त्यासाठी कोणताही दाखला लागत नाही.

ही चाचणी दाखल्याचा पुरावा होऊ शकत नाही. तिने डेसिबलही मोजता येत नाहीत. शिवाय कोयनानगरच्या शाळेत ती जानेवारीत घेतली तर एक यादी मिळेल आणि ऑगस्टमध्ये घेतली तर दुसरी, बहुधा पहिलीपेक्षा मोठी. दोन्ही याद्या वर्गशिक्षकांनी हजेरीपटातच ठेवाव्यात. वर पाठवायच्या नमुन्यात त्यांच्यासाठी रकाना नसला तरी मुलांच्या जागा त्याच दिवशी बदलता येतात.