'पालिका' आणि 'पौर'

'नगरपालिका' हा शब्द मला नेहमीच खटकत आला आहे. पालन करणारी ती पालिका. मग नगरवासी झाले पाल्य. इंग्रजी 'म्युनिसिपालिटी'च्या मुळाशी लॅटिन 'म्युनुस' आहे. म्युनुस म्हणजे कर्तव्य, आणि ते अंगावर घेणारे नागरिकच. हे ओझे आपल्या प्रतिशब्दात उतरलेच नाही. बोलताना तर आपण 'नगर'ही गाळतो: "पालिकेनं आज पाणी सोडलं नाही." याउलट सावरकरांनी 'मेयर'साठी घडवलेला 'महापौर' पाहा. पौर म्हणजे पुराचा, नगराचा रहिवासी. तेव्हा महापौर हा पालक नव्हे, आपल्यातलाच एक मोठा. (जुन्या गोतसभेतही गोत म्हणजे जमलेली माणसेच, अर्थात सगळ्यांना तिथे जागा नव्हती.) 'महापौर' रुळला खरा, पण त्यातला सुटा 'पौर' आज कोणाच्याच तोंडी नाही.