ययातीचे मागणे

वाचकहो, एकनाथी भागवताचे पारायण आपल्यापैकी अनेकांच्या घरी होते. सातव्या अध्यायात यदुराजाला अवधूत भेटतो. महाराज, तुम्ही इतके निश्चिंत कसे, असे राजा विचारतो आणि चोवीस गुरूंचे आख्यान सुरू होते. हा यदू कोणाचा मुलगा, हे आपण सहसा विचारीत नाही. तो ययातीचा मुलगा. बापाने तारुण्य मागितले, तेव्हा नाही म्हणणारा थोरला तो हाच. याच्याच कुळात पुढे भगवान श्रीकृष्ण अवतरले, म्हणजे आपला विठोबाही त्याच वंशाचा.

या घराची हकीगत नीट कळावी म्हणून सार्वजनिक वाचनालयातून वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आणून मी पुन्हा वाचली. ही कादंबरी १९५९ सालची. पुढे तिच्या लेखकाला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीला मिळालेला तो पहिला. दुसरा, १९८७ चा, आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांना मिळाला आणि त्यांनीही ‘ययाति आणि देवयानी’ हे नाटक लिहिले आहे. दोन थोर लेखकांना याच राजाकडे वळावेसे वाटले, म्हणजे या कथेत आजच्या माणसाचे काही दुखणे असले पाहिजे.

तरुणपणी वाचली तेव्हा मला ती प्रेमाची गोष्ट वाटली होती. या खेपेस ती व्यसनाची गोष्ट वाटली. आमच्या जिल्ह्यात द्राक्षे पिकतात, त्यांची वाइनही होते, आणि दोष बाटलीला देऊन मोकळे होणे सोपे असते. खांडेकर तसे करीत नाहीत. त्यांचा ययाति पेल्यापाशी फार उशिरा येतो. त्याआधी तो बापाच्या मृत्युशय्येपाशी उभा असतो. इंद्रपदापर्यंत पोहोचलेला नहुष मरताना जगण्यासाठी आसुसलेला त्याला दिसतो आणि मरणाची धास्ती मुलाच्या मनात घर करते. पुढे तो जे जे करतो, ते त्या धास्तीपासून पळण्यासाठी. मद्य, मृगया, स्त्रिया ही पळण्याची साधने. एक साधन काढून घेतले, तर तो दुसरे शोधील. व्यसनाचे मूळ जिभेवर नसते, भयात असते, हे या कादंबरीने मला दाखवले.

दुसरी गोष्ट तिच्या मांडणीची. कथा तिघांच्या तोंडून येते: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. तिघेही ‘मी’ म्हणून बोलतात. ययातीचे बोलणे वाचताना आपण हळूहळू त्याच्या बाजूचे होतो. बिचाऱ्याला माया मिळाली नाही, बायको गर्विष्ठ निघाली, करणार काय? मग पुढचे प्रकरण देवयानीचे येते आणि आपण चपापतो. पतीच्या तोंडाला येणाऱ्या मद्याच्या वासाने ती संतापते, त्याला कारण आहे. तिच्या पित्याने, शुक्राचार्यांनी, मद्याच्या धुंदीत काय गमावले हे तिने पाहिलेले आहे. राखेच्या रूपाने कच त्यांच्या पोटात गेला, तो मद्याबरोबरच. ज्या मुलीने बापाचे घर असे पाहिले, तिला सासरीही तोच वास यावा! ययातीच्या निवेदनात ती नुसती हट्टी दिसते. व्यसनी माणूस स्वतःचा फार चांगला वकील असतो. त्याचे ऐकावे, पण त्याच्या घरच्या माणसांची साक्ष काढल्याशिवाय निवाडा करू नये.

कादंबरीत उणेही आहे. कचाच्या तोंडी खांडेकरांनी इतका उपदेश घातला आहे की काही पानांवर माणूस दिसेनासा होतो आणि प्रवचन तेवढे उरते. आपण कीर्तन-प्रवचन ऐकणारी माणसे, आपल्याला उपदेशाचे वावडे नाही. पण उपदेश कथेतून पाझरावा लागतो. यती या थोरल्या भावाचे चित्र मला त्याहून खोल वाटले. ययाति देहाच्या आहारी गेला, तर यती देहाच्या द्वेषाच्या आहारी गेला. दोघेही एकाच बापाचे, दोघेही बांधलेलेच. आपल्या संतांनी यांतली कोणतीच वाट धरली नाही. नाथांनी पैठणला प्रपंच केला, सावतोबांनी मळा राखला. देह त्यांनी मारला नाही आणि त्याला राजाही केले नाही.

आता मूळ मागण्याकडे येऊ. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारपण आले, तेव्हा ययातीने ते मुलांपुढे धरले आणि म्हणाला, हे तुम्ही घ्या, तुमचे तारुण्य मला द्या. पुराणे सांगतात की पुरूच्या तारुण्यावर त्याने हजार वर्षे भोग घेतला, तरी आग विझली नाही. लहानपणी मला ही अद्भुत गोष्ट वाटे. आता वाटते, यात अद्भुत काही नाही. प्रत्येक व्यसनी हेच करतो. सुख तो घेतो आणि त्याचे म्हातारपण घरातल्या कोणाच्या तरी अंगावर जाते. बायको अकाली वाकते, मुलाची शाळा सुटते.

वाचकहो, हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. माझ्या गळ्यात चाळीस वर्षे तुळशीची माळ आहे. मद्य-मांस मी शिवलो नाही आणि त्याचा मला अभिमान होता. पण खिशात तंबाखूची चंची होती. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालताना, विसाव्याला टाळ खाली ठेवला की पहिला हात चंचीकडे जाई. मी म्हणे, तंबाखू म्हणजे काही दारू नव्हे. माझाही वकील हुशार होता.

घरी पुडी संपली की मी नातवाला टपरीवर पाठवीत असे. तो सात वर्षांचा. एकदा तो पुडी घेऊन आला आणि अंगठ्याने तळहातावर मळण्याची माझी नक्कल करून दाखवू लागला. घरातले हसले, मीही हसलो. रात्री ‘ययाति’तले मागण्याचे प्रकरण वाचताना तो तळहात डोळ्यांपुढे आला. मी त्याच्याकडे पुडी मागितली होती, की आणखी काही?

दुसऱ्या दिवशी चंची रिकामी केली. त्याला दोन वर्षे होतील. सुटली असे छातीठोकपणे म्हणत नाही. पंगत उठली की अजून हात खिशाकडे जातो. तेव्हा नाम घेतो आणि नातवाला हाक मारतो. तो शेजारी बसून हरिपाठ म्हणतो, अर्धा चुकतो.

कादंबरीच्या शेवटी ययाति पुरूच्या हाती राज्य देऊन वनाकडे निघतो. त्याला उशीर झाला, पण तो वळला. यदूने मात्र अवधूताला वेळेवर विचारले. बापाने मुलाकडे तारुण्य मागितले, मुलाने साधूकडे ज्ञान मागितले. येत्या पारायणात सातवा अध्याय आला की, हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचा, आणि आपण आपल्या लेकरांकडे काय मागत आहोत, ते एकदा स्वतःला विचारा.

रामकृष्णहरी.