शीट क्रमांक ४८ आय : नकाशा आणि आपले ग्रामेतिहास

गावाचा इतिहास लिहिणाऱ्या आपल्या अभ्यासकाच्या हाती एखादी बखर आली, की ती कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिली हे तो आधी विचारतो. ताम्रपट असेल तर त्याचा खरेखोटेपणा तपासतो. मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलनिर्देशक नकाशा हाती आला, की ही चिकित्सक दृष्टी एकाएकी मावळते. नकाशा पुस्तकाच्या अखेरीस जोडला जातो, तोही बहुधा चारही समास कापून, आणि मजकुरात त्याविषयी एक अक्षर नसते. माझा आक्षेप या कापलेल्या समासांना आहे.

सर्वेक्षण विभागाने सारा देश चार-चार अंशांच्या चौकोनांत विभागला. त्यांतील ४८ क्रमांकाच्या चौकोनाचे इंग्रजी अक्षरांनी दाखवलेले सोळा भाग आहेत. त्यांपैकी ‘आय’ हा भाग १५ ते १६ उत्तर अक्षांश आणि ७४ ते ७५ पूर्व रेखांश यांच्यामधला. त्याच्या उत्तर अंगाला बेळगाव येते आणि नैऋत्य कोपऱ्यात गोव्याच्या सांगे तालुक्यातील कुर्डी. या भागाची पुन्हा सोळा पत्रके होतात. प्रत्येक पत्रकात दक्षिणोत्तर सुमारे २८ किलोमीटर मुलूख मावतो. राज्यांच्या सीमांशी या वाटणीचे काहीही देणेघेणे नाही, ही गोष्ट मला नेहमीच सुखाची वाटत आली आहे.

समासात काय असते? पाहणीचे वर्ष, मुद्रणाचे वर्ष, आवृत्ती, प्रमाण. पाहणी आणि मुद्रण यांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. मधल्या काळात नवा रस्ता किंवा लोहमार्ग तेवढा भरून जुनीच पाहणी पुन्हा छापलेली असू शकते. एक इंचास एक मैल या प्रमाणाची जुनी पत्रके आणि नंतरची १ : ५०,००० प्रमाणाची पत्रके शेजारी ठेवून ‘गाव वाढले’ असे लिहिणाऱ्याने या दोन्ही गोष्टी तपासलेल्या असाव्या लागतात. छपाईचे साल पाहून ‘त्या वर्षी गावात अमुक इतक्या विहिरी होत्या’ असे विधान करणे म्हणजे नक्कलकाराची तारीख मूळ ग्रंथाला चिकटवणे होय.

नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पत्रकावरील रोमन अक्षरांतले गावाचे नाव हा त्या गावाच्या भाषेचा दाखला नव्हे. मोजणीदाराच्या कानी जे आले आणि लिप्यंतराच्या नियमांतून जे उतरले, तेवढाच त्याचा अर्थ. रोमनमध्ये ‘ळ’ आणि ‘ल’ एक होतात, ‘ण’ आणि ‘न’ एक होतात. मोठ्या गावांची रूढ इंग्रजी रूपे तर तशीच ठेवली गेली. ‘बेलगाम’ हे त्यांतलेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ हे अधिकृत नाव झाले, आणि आपल्या बोलण्यात ‘बेळगाव’ होते तसेच राहिले. सीमाभागात जुन्या नकाशातल्या नावावरून गावाची भाषा ठरवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण तो टाळलाच पाहिजे. त्यातून निघणारा निष्कर्ष आपल्या सोयीचा असेल तेव्हा तर अधिकच. गावात कोणती भाषा नांदत होती हे शाळेचे दप्तर, देवळातले लेख, जमिनीचे कागद यांत शोधावे. शेत कोणाचे होते हेही स्थलनिर्देशक नकाशा सांगत नाही. त्यासाठी महसूल खात्याचा गावनकाशा आणि त्यातले सर्व्हे नंबर पाहावे लागतात. उलट जमिनीचा चढउतार त्या गावनकाशाला ठाऊक नसतो.

कुर्डीच्या बाबतीत नेमका हा चढउतारच महत्त्वाचा ठरला. साळावली धरणासाठी हे गाव उठले आणि गावकरी वाडें, वालकिणी येथे वसवले गेले. प्राचीन महादेव मंदिराचे दगड हलवून ते दुसरीकडे पुन्हा उभारण्यात आले. दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास पाणी ओसरते आणि घरांची जोती वर येतात. बुडालेल्या गावांवरचे आपले लेखन जुन्या नकाशाकडे हरवलेल्या घराची तसबीर म्हणून पाहते. मला ही भावना अपुरी वाटते. नकाशावरील तपकिरी समोच्च रेषा नीट वाचल्या, तर खोरे कोठे अरुंद होते आणि बांध कोठे घालता येईल हे कळते. पाण्याची पातळी ठरली, की कोणते घर त्या रेषेखाली जाईल हेही कळते. गाव जपून ठेवणाऱ्या कागदातच गाव बुडवण्याचा हिशेबही मांडता येतो. नकाशाचा हा दुहेरीपणा सांगितल्याशिवाय तो छापणे म्हणजे अर्धेच वाचन.

शिवाय १ : ५०,००० या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. अंगण, तुळस, पाणवठ्याची वाट यांना तेथे जागाच नाही. १९०४ साली याच गावी मोगूबाईंचा जन्म झाला. त्यांच्या ‘कुर्डीकर’ या आडनावाने हे गाव मैफलींतून जितके दूरवर पोचले, तितके कोणत्याही पत्रकाने पोचवले नाही.

किनारपट्टीची पत्रके दीर्घकाळ प्रतिबंधित असल्यामुळे गोव्यातील अभ्यासकांना अंधुक प्रतींवर भागवावे लागले, हे मान्य. २००५च्या नकाशा धोरणाने आणि २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही अडचण बरीच हलकी केली आहे. आता पूर्ण पत्रक, समासासह, छापता येईल. त्याच्या शेजारी शेतांची, ओहोळांची, देवचाराच्या जागांची स्थानिक नावे देवनागरीत द्यावीत. मे महिन्यात पत्रक हाती घेऊन कुर्डीच्या उघड्या पडलेल्या वाटांवरून हिंडता येते. पण ती नावे सांगू शकणारी माणसे वाडें आणि वालकिणीला आहेत, आणि त्यांतली बहुतेक आता सत्तरीपुढची आहेत.